पाठीवरचे बिऱ्हाड, दारातले कुत्रे : प्रवासवर्णनाच्या एका अनुक्त अटीविषयी

मराठीत प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. त्यात माहिती किती असावी आणि लालित्य किती, हा पहिला प्रश्न. निवेदकाच्या व्यक्तिमत्त्वाने स्थळाला किती झाकावे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु ते विचारताना एक गोष्ट गृहीत धरली जाते, आणि ती आपण गृहीत धरली आहे याचेही भान राहत नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे एक कुलूपबंद घर असते व तो त्या घरी परत येणार असतो, ही ती गोष्ट होय. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघतात, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहतात, लुटले जातात. तरी ‘माझा प्रवास’ या संहितेचा आकार गंगेची कावड घेऊन घरी पोहोचण्याने ठरतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) विनोदाचा स्रोतही मागे राहिलेले मध्यमवर्गीय घर हाच आहे. जे दिसते ते त्या घराच्या मापाने मोजले जाते. घर ही या प्रकाराची अनुक्त अट आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ती अट मान्य केली की मराठीतील कितीतरी प्रवास ‘प्रवासवर्णन’ या संज्ञेबाहेर का फेकले गेले, याचाही उलगडा होऊ लागतो.

ही अट तपासण्यासाठी एक टोकाचा नमुना घेणे सोयीचे होईल. घर मागे न ठेवता सोबतच नेणारा प्रवासी हा तो नमुना. चाकांवरचे घर, शेजारच्या आसनावर कुत्रा, बाहेर वाढत जाणारी थंडी आणि एकामागून एक येणारी लहान गावे, असे हे दृश्य. पाश्चात्त्य वाङ्मयात त्याला जवळजवळ संकेताचे रूप आले आहे, आणि त्याचे श्रेय बव्हंशी जॉन स्टाइनबेक यांच्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या पुस्तकाकडे जाते. आपल्या देशाविषयी आपण केवळ आठवणीच्या भांडवलावर लिहीत आहोत, अशी टोचणी लागलेला हा अठ्ठावन्न वर्षांचा कादंबरीकार सप्टेंबर १९६० मध्ये लाँग आयलंडहून निघाला. मालमोटारीवर मुद्दाम बांधून घेतलेल्या खोलीत बिछाना होता, चूल होती, लिहायला मेज होते. गाडीचे नाव डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांते. सोबत चार्ली हा पूडल जातीचा म्हातारा कुत्रा. सुमारे दहा हजार मैलांच्या या प्रवासात लेखक शक्यतो मोठे द्रुतगती मार्ग टाळतो आणि मेनच्या बटाट्याच्या शेतांतून, मध्यपश्चिमेच्या गावांतून वाट काढतो. हिवाळा त्याच्या मागावर असतो.

या पुस्तकातील चार्लीचे कार्य केवळ सोबतीचे नाही. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू व्हावे म्हणून तो पुढे पाठवलेला वकील आहे. कुत्र्याविषयी विचारपूस करण्याच्या निमित्ताने माणसे उघडी होतात. रस्त्यावर नाना थरांतील माणसे एकमेकांना भेटतात आणि हा रस्ता बहुधा आपल्याच परिचित देशातून जातो, असे मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीतील स्थलकालाची चर्चा करताना म्हटले आहे. स्टाइनबेक यांच्या रस्त्यावर ही भेट घडवून आणण्याचे काम कुत्रा करतो.

तथापि पुस्तकाचा खरा कस दक्षिणेत लागतो. तेथे शिरल्यावर चार्लीला आसनावर बसलेला पाहून गोरी माणसे पुन्हा पुन्हा एकच विनोद करतात. दुरून त्यांना म्हणे तो काळा माणूस वाटला. पुढे लेखक एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाला गाडीत घेतो. तो माणूस इतका अवघडतो की मध्येच उतरून जाणे पसंत करतो. ज्या आसनावर कुत्रा निवांत बसतो, त्याच आसनावर माणूस भयाने बसतो. न्यू ऑर्लिन्समध्ये एका लहान कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्यांच्या शाळेत नेले जात असताना बाहेर शिव्या देणाऱ्या बायकांचा जमाव लेखक पाहतो, आणि त्यानंतर पुस्तकाचा उत्साहच मावळतो. माझ्या मते हे पुस्तक महत्त्वाचे ठरते ते या मावळण्यामुळे. एरवी ते एका प्रसन्न म्हाताऱ्याचे भटकणे झाले असते.

पन्नास वर्षांनंतर, २०१० साली, बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा धुंडाळला. स्टाइनबेक यांनी गाडीत काढलेल्या रात्री वाचकाला वाटतात त्याहून पुष्कळ कमी होत्या, कित्येक मुक्काम हॉटेलांत वा परिचितांच्या घरी झाले, पत्नीही बराच काळ सोबत होती आणि काही संवाद रचलेले असावेत, असे त्याने दाखवून दिले. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वाचकाला तसा इशाराही देण्यात आला. यावर झालेली चर्चा खरेखोटेपणाभोवतीच फिरली. मला त्यात निराळी गोष्ट दिसते. चाकांवरचे घर हे तेथे घर नव्हतेच. ती निवेदनाची युक्ती होती. खरे घर मागे सुरक्षित उभे होते आणि अधूनमधून पत्नीच्या रूपाने प्रवासात येऊन भेटतही होते. घर सोबत नेल्याचा दावा करणारी ही संहितासुद्धा आमच्या अनुक्त अटीतून सुटलेली नाही.

आपल्या परंपरेत वाहन, कुत्रा आणि थंडी यांची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात पाच भाऊ, द्रौपदी आणि मागे लागलेले एक कुत्रे हिमालय चढू लागतात. एकेक जण कोसळतो. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. अखेर इंद्र रथ घेऊन येतो, आणि त्या रथात कुत्र्याला जागा नाही असे सांगतो. भावांना आणि पत्नीला मागे टाकून आलेला माणूस कुत्र्यासाठी अडून बसतो ही विसंगती महाकाव्याने लपवलेली नाही. इंद्र ती बोलूनही दाखवतो. त्यावर युधिष्ठिराचे उत्तर मोठे नेमके आहे. मेलेल्यांना परत आणणे त्याच्या हाती नव्हते. जिवंत असताना त्याने त्यांना टाकले नाही. हे कुत्रे जिवंत आहे आणि आश्रयाला आलेले आहे. ते कुत्रे म्हणजे धर्म होता, हा उलगडा पुढचा. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे ते रथाचे दार. या प्रवासाला परतीचे घर नाही, आणि म्हणूनच वाहनात कोणाला घ्यायचे हा प्रश्न येथे इतका निकराचा होतो.

तोच प्रश्न आधुनिक काळात विचारणारी एक संहिता आपण प्रवासवर्णन म्हणून कधीच वाचली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा लेखनातील आरंभीचे प्रसंग प्रवासाचेच आहेत. मसूर स्टेशनावरून गोरेगावला निघालेल्या मुलांची जात कळताच गाडीवान त्यांना हाकून न्यायला नकार देतो. १९२९ साली धुळ्याहून परतताना चाळीसगावला एकही टांगेवाला बाबासाहेबांना नेण्यास तयार होत नाही. मग टांगा चालवण्याची सवय नसलेला माणूस तो चालवतो आणि अपघात होतो. वाहन, रस्ता, अनोळखी गाव, मुक्कामाची विवंचना, असे प्रवासवर्णनाचे सगळे घटक येथे उपस्थित आहेत. फक्त रस्त्यावरची भेट नाकारली गेली आहे. बाख्तिन यांची मांडणी आपल्याकडे आणताना ही दुरुस्ती करावीच लागते.

आता मराठीतील चाकांवरच्या, किंवा खरे तर खुरांवरच्या घरांकडे वळू. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण घरे बदलणाऱ्या नोकरदाराविषयी हसत हसत वापरतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) आणि दादासाहेब मोरे यांच्या ‘गबाळ’ने (१९८३) त्या म्हणीतील हसू काढून घेतले. ‘उपरा’त गाढवांच्या पाठीवर घर लादून एका गावाच्या उकिरड्याकडून दुसऱ्या गावाच्या उकिरड्याकडे चाललेले कैकाडी कुटुंब आहे. ‘गबाळ’ हे शीर्षकच मुळी वाहून नेलेल्या संसाराचे नाव आहे. या संहितांत प्रवास जितका सलग आहे तितका तो मराठीतील कोणत्याही नामवंत प्रवासवर्णनात नसेल. तरी समीक्षेने त्यांची नोंद आत्मकथन म्हणून, भटक्याविमुक्तांचे साहित्य म्हणून, सामाजिक दस्तऐवज म्हणून केली. पदव्युत्तर वर्गाला ‘प्रवासवर्णन’ शिकवताना यांपैकी एकाचेही नाव घ्यावे लागत नाही, हे आम्ही शिकवणारे लोक नित्य अनुभवतो.

यावर एक समर्थ आक्षेप संभवतो. ‘उपरा’ला प्रवासवर्णन म्हणणे म्हणजे वेदनेचे पर्यटनात रूपांतर करणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे, आणि उत्तर केवळ सदिच्छेने देता येणार नाही. ते संहितेच्या घडणीतूनच द्यावे लागेल. स्टाइनबेक यांच्या पुस्तकात घर हा आरंभबिंदू आहे आणि रस्ता ही त्यातून सुटका. ‘उपरा’त उलट घडते. रस्ता हाच आरंभ आहे आणि शाळा ही त्यातून सुटका. शाळा एका जागी उभी असते, बिऱ्हाड हलत राहते, आणि या दोहोंच्या ताणातून निवेदक घडतो. चालणे जेथे थांबले तेथून ही संहिता लिहिली गेली आहे. म्हणजे तिला प्रवासवर्णन म्हटल्याने तिच्यातील दुःख सौम्य होत नाही. उलट ज्या प्रकारात परतणे हाच शेवट मानला जातो, त्या प्रकाराची अपुरी व्याख्या उघडी पडते. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. दुष्काळाने मेंढरांसह सबंध वाडी उठते आणि कादंबरी संपते. मास्तरच्या दृष्टीने तो शेवट आहे. धनगरांच्या दृष्टीने तेथे प्रवास सुरू होतो. तो मराठी कादंबरीच्या पानाबाहेर घडतो.

पानाबाहेरच्या या प्रवासात कुत्रे असते. खानदेशातील ठेलारी धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन निघतात. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या आणि कळपाच्या कडेने लांडग्यावर नजर ठेवणारी कुत्री. या फिरत्या घराला धनगर ‘वाडा’ म्हणतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. चिरेबंदी वास्तूसाठी आपण राखून ठेवलेला शब्द ते जाळीने घेरलेल्या एका रात्रीच्या मुक्कामाला लावतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी कुटुंबेही अशीच. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील आदिवासी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. मालमोटारीत भांडी, धान्य, लेकरे, शेरडे. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणून मोजतात. हिवाळ्यातील गावे हे लोकही पाहतात. पाहतात ती मालमोटारीच्या फाळक्यावरून.

१८७१ च्या कायद्याने यांतील कितीतरी जमातींच्या भटकण्यालाच गुन्ह्याचे रूप दिले. तो शिक्का कागदोपत्री पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि चाकांवरच्या घराला उत्तेजन दिले. दोहोंतील घर एकच, चाकेही तीच. फरक आहे तो मागे दुसरे घर आहे की नाही, एवढाच. राज्यसंस्थेने ही अट आमच्या समीक्षेपेक्षा अधिक स्वच्छ ओळखली आहे, असे म्हणणे भाग आहे.

या सर्व वाटा जेथे एकमेकींना छेदतात, असे एक ठिकाण नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला आहे. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदेच्या काठचे, सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून जवळचे, महाराष्ट्रातील बुडणाऱ्या तेहतीस गावांपैकी पहिले गाव. जिल्हा १९९८ साली झाला. त्यापूर्वी ते धुळे जिल्ह्यात मोडत असे. येथेच शूलपाणेश्वराचे जुने मंदिर होते. ते पाण्याखाली गेले आणि देवाची स्थापना धरणाच्या खालच्या अंगाला, गुजरातेत गोरा येथे झाली. शूलपाणीची झाडी ही नर्मदा परिक्रमेतील सर्वांत खडतर वाट. परिक्रमा चातुर्मासानंतर, म्हणजे थंडी पडू लागताना सुरू होते. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कोठेही न ओलांडता, मागून आणलेल्या शिध्यावर चालायचे.

मराठीत या प्रवासाचे लेखन विपुल आहे. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे, भारती ठाकूर यांच्या पुस्तकांपर्यंत त्याचा स्वतंत्र वाचकवर्ग आहे. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयाचे सर्वस्व काढून घेतात, त्यांना ‘मामा’ म्हणायचे आणि ही नर्मदामैयाचीच इच्छा मानायची, हा या परंपरेतील ठरलेला प्रसंग. प्रसंगाची अर्थवत्ता नाकारण्याचे कारण नाही. घर मागे ठेवून आलेला माणूस येथे क्षणभर खरोखरच बेघर होतो. अनुक्त अट येथे निदान उच्चारली जाते. पण लुटणाऱ्याला या प्रसंगात सहसा नाव नसते. तो निमित्तमात्र असतो. आणि १९९० च्या दशकापासून त्याच उतारावर त्याचेही सर्वस्व जात होते. मणिबेलीत पावसाळ्यात चढत्या पाण्यासमोर सत्याग्रह झाले, पोलीस बंदोबस्तात घरे हलवली गेली, जागतिक बँक १९९३ साली प्रकल्पातून बाहेर पडली आणि १९९४ च्या जाहीरनाम्याने या गावाचे नाव मोठ्या धरणांच्या वादात जगभर नेले. परिक्रमेच्या लेखनात कांबळे गेल्याची नोंद सविस्तर असते. कांबळे नेणाऱ्याचे घर कोठे गेले, याची नोंद अपवादानेच सापडते. एकाच डोंगरावरचे हे दोन प्रवास एकमेकांना भेटत नाहीत. त्यांना एकत्र वाचण्याचे काम समीक्षेने करायचे होते. तिने ते केले नाही, कारण एक ‘अध्यात्म’ होते आणि दुसरे ‘चळवळ’.

आज बरेच परिक्रमावासी बसने जातात. सोबत आचारी, शेगडी, अंथरुणे. कॅम्परव्हॅनचा हा खास आपला, सामुदायिक आणि सोवळा अवतार म्हणावा. बस बडवाणीकडून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा या गावांतून राजपीपल्याकडे उतरते. पहाटेच्या धुक्यात चहाच्या टपरीवर थांबलेली ही मंडळी आणि उसाच्या फडाकडे निघालेली मालमोटार एकाच रस्त्यावर असतात. मणिबेली मात्र या वाटेवर लागत नाही. जलाशयाने काठची जुनी पायवाट गिळली आहे. वाहनातून दिसणारा प्रदेश म्हणजे रस्ता जेथवर जातो तेवढाच प्रदेश. आणि वाहन जितके घरासारखे, तितके त्यातून उतरण्याचे कारण कमी.

मणिबेलीचे स्वतःचे वाहन होडी हे आहे आणि तेथील फिरते घर चाकांवर फिरत नाही. सागाचे खांब, वासे, कौले उतरवायची आणि पाण्याच्या रेषेच्या वर नेऊन तेच घर पुन्हा उभे करायचे. पाणी चढले की पुन्हा वर. चळवळीने सुरू केलेल्या जीवनशाळांपैकी काहींनाही असेच सरकावे लागले. ‘उपरा’त शाळा स्थिर होती आणि बिऱ्हाड हलत होते, येथे दोन्ही हलतात. काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला गेली, खोऱ्यातील काही तळोद्याजवळ सोमावलला, काही डोंगरावरच राहिली. अंतरे फार मोठी नाहीत. पण परतीचे ठिकाण पाण्याखाली असल्याने हे प्रवास आपल्या व्याख्येत बसत नाहीत.

लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने कुटुंबाची व्याख्या केली आहे: पती, पत्नी, अज्ञान मुले, कुटुंबप्रमुखावर अवलंबून असणारी माणसे, प्रौढ मुलगा हे निराळे कुटुंब. जमिनीचा हिशेब त्यावर ठरतो. अशा व्याख्येत दारातले कुत्रे बसणार नाही, हे उघडच आहे. निवाड्याकडून तशी अपेक्षाही कोणी करणार नाही. परंतु साहित्याची व्याख्या निवाड्याहून रुंद असावी, ही अपेक्षा गैरवाजवी नव्हे. इंद्राच्या रथाच्या दारातला प्रश्न येथे मालमोटारीच्या आणि होडीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. धरणाखाली थोड्याच अंतरावर गरुडेश्वर आहे. आयुष्यभर पायी फिरलेल्या वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींनी १९१४ साली तेथे देह ठेवला. त्या स्थानाचे दैवत दत्त: कोल्हापूरला भिक्षा मागणारा, माहूरला निजणारा, घर नसलेला फिरस्ता, आणि त्याच्या पायाशी चार कुत्री. त्या कुत्र्यांना वेद म्हणून आपण त्यांचे कुत्रेपण सोयीस्करपणे पुसले आहे. बेघर माणसासोबत चालणारा प्राणी म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर आपल्या परंपरेत प्रवासाची एक निराळी प्रतिमा पहिल्यापासून उपलब्ध होती, असे दिसून येईल.

एक अडचण शिल्लक राहते, आणि ती भाषेची आहे. मणिबेलीच्या प्रवासाची संहिता लिहिली जाईल ती कदाचित मराठीत नसेलच. खोऱ्यातील लोकांच्या बोली भिली कुळातील आहेत. मराठी त्यांना भेटली ती शाळेतून, कचेरीतून आणि मोर्चातून. राज्याच्या मतदारसंघांच्या क्रमात अक्कलकुवा पहिला आहे आणि मणिबेलीचे मतदान केंद्रही पहिल्या क्रमांकाचे. तेथे मतदानयंत्रे घेऊन कर्मचारी होडीने जातात, त्याच्या बातम्या मराठीत दर निवडणुकीला छापून येतात. त्या जाणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेल्या असतात: पाणी केवढे, वाट किती दुर्गम, डोंगर किती सुंदर. वर्गात ‘प्रवासवर्णन’ शिकवताना अशी एक बातमी, ‘उपरा’तील एक प्रकरण आणि शूलपाणीच्या झाडीतील लुटीचा एखादा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर विद्यार्थी पहिला प्रश्न शैलीविषयी विचारत नाहीत. यातला कोण संध्याकाळी घरी गेला, असे ते विचारतात.